घरटी एक माणूस

उधाणाच्या भरतीत खाडीचा बांध फुटून त्याला मोठी खांड पडली. पुढच्या भरतीआधी खांड बुजवली नाही, तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरणार होतं, आणि खारावलेल्या जमिनीत दोन-तीन वर्षं भात होत नाही. गावच्या रिवाजाने घरटी एक माणूस यायला हवा होता. ओहोटीला आली एकटी शांती, दर रविवारी पेणला प्रार्थनेला जाणारी.

शेजारच्या पुंडलिकने जाता जाता मोटारसायकल थांबवली. "काय गो शांती, तुजा येशू येनार, जग संपनार म्हनतेस ना? मग ही माती कोनासाठी टाकतेस?"

"तो येल तवा मी कामाला लागलेली दिसाया पायजे. तुमी पन घमेलं घ्या, भावजी."

"उद्या बघू गो. उद्या काय जग संपत नाय."

संध्याकाळच्या भरतीने अर्धवट बुजलेली खांड पुन्हा उघडली. पुंडलिक धावत आला आणि आपल्या खालच्या खाचरात शिरणारं पाणी बघून बांधावरच मटकन बसला.

"संपलं गो, सगलं संपलं!"

 

शांतीने घमेलं त्याच्यापुढे सरकवलं. "एवढ्यात नाय संपत, भावजी. उठा."