मांजलपूरचं तिसरं घर

माझी बायको सुनीती गेल्यावर बडोद्याच्या नागरवाड्यातलं घर खायला उठायचं, म्हणून मुलांच्या शाळेजवळ मांजलपूरला घरं बघत होतो. रिकाम्या खोल्यांत आवाज घुमतो, म्हणून ओजस आणि तेजश्री प्रत्येक घरात "आई!" अशी हाक मारायची. दोन घरांत तीच हाक परत आली.

तिसऱ्या घरात स्वयंपाकघरातून "ओ" आली.

दलाल न्हाणीघरात नळ सोडून दाखवत होता. "पाणी भरपूर आहे, भाई. फावशे ने, चालेल ना?"

"बाबा, हेच घेऊया," तेजश्री म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेलो. ओटा कोरा होता, खिडकी बंद. मुलं दारात उभी होती. मी त्यांच्याकडे वळलो. सुनीतीला मी कधी नावाने हाक मारली नव्हती. हळूच म्हणालो, "अगं..."

"आले हं."

मुलं माझ्या पाठीमागे बघून हसली.