परातीतलं पाणी

"हाथ सीधे रखियो, अम्मा," नथ्थू म्हणाला.

अनसूयाबाईंनी दोन्ही हात परातीवर धरले. या पाटावर त्या आज पहिल्यांदाच बसत होत्या. सहा महिने, दर रविवारी, इथे त्यांची सून विनीता बसायची आणि त्या तिच्या पाठीशी. कुंडम गावचा नथ्थू कावीळ उतरवतो, हे अर्ध्या जबलपुराला ठाऊक. आधी हाताला कसलासा रस चोळायचा, मग वरून चुन्याचं पाणी सोडायचं. अंगातली कावीळ परातीत उतरायची. खाजवून खाजवून विनीताचे हात सोललेले असत. चुना लागला की ती कळवळायची.

"आई, खूपच झोंबून राहिलं."

"थोडं सोस, माय," म्हणत अनसूयाबाई तिची मनगटं घट्ट धरून ठेवायच्या.

पित्ताच्या पिशवीत खडे झाले म्हणून विनीताचं ऑपरेशन झालं होतं. चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसायला लागले. ऑपरेशन करणारा डॉक्टर फायलीतून मान वर न काढता म्हणाला, "हो जाता है. उतर जाएगा." महिना झाला तरी उतरेना, तेव्हा तिचा नवरा मुरलीधर आईला म्हणाला, हिला नागपूरला नेऊ.

"काहून घाबरून राहिला रे? माणूस खोटं बोलंल, पाणी बोलंल काय? पाह्य ना, केवढं पिवळं निघून राहिलं!"

निघत होतंच. दर रविवारी, परातभर. परतीच्या बसमध्ये अनसूयाबाई समाधानानं डुलकी काढायच्या. घरी आल्या की बिनहळदीचं वरण शिजायला टाकायच्या. सहा महिने त्या घरात हळदीचा डबा उघडला नाही.

मग एका सकाळी विनीताला रक्ताची उलटी झाली.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पिशवी काढताना यकृतातून येणारी मोठी नळीच चुकून बंद केली गेली होती. पित्त आतच कोंडलं. "पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत आला असता तर नळी जोडून दिली असती," त्या म्हणाल्या. "आता यकृतच बदलावं लागेल. घरातल्या कोणाच्या तरी यकृताचा तुकडा घेऊन."

मुरलीधरचा रक्तगट जुळला नाही. अनसूयाबाईंचा जुळला. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीतल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, सासू असून सुनेला देता? कोणाचा दबाव तर नाही?

"दबाव कोणाचा, साहेब? माझ्याच घरात पिवळी पडली ना ती."

सगळ्या तपासण्या झाल्या. "बावन्नाव्या वर्षी इतकं निरोगी यकृत!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डागसुद्धा नाही." ऑपरेशन गुरुवारी ठरलं.

कपडे घ्यायला म्हणून अनसूयाबाई दोन दिवस जबलपूरला आल्या आणि कोणालाही न सांगता त्यांनी कुंडमची बस धरली. शेजारणीची वाटी परत करायची तरी त्या राखेनं घासून, पुसून देत. ही तर अंगातली वस्तू, लेकरासारख्या सुनेला द्यायची. चुकूनमाकून कुठे पिवळेपणा राहिला असेल तर तो इथेच निघून जावा.

नथ्थूनं रस चोळला. तांब्या कलता केला. पांढरं पाणी त्यांच्या बोटांवरून ओघळलं आणि परातीत पिवळंजर्द होऊन पडलं.

अनसूयाबाई पाहत राहिल्या.

"भैया, मेरे को तो पीलिया हैच नहीं. बडे डॉक्टर ने सब जाँच लिया."

"डॉक्टर को का दिखत है, अम्मा? पानी झूठ नईं बोलत." नथ्थू हसला. "तुमाओ तो बहू से भी जादा निकरो."

परातीतलं पाणी हलायचं थांबलं. नथ्थूची बोटं अजून त्या रसानं ओली होती. अनसूयाबाईंनी तिकडे पाहिलं.

"अब जरा अपने हाथ पे पानी छोडो, भैया."

नथ्थूनं हात मागे घेतले. अनसूयाबाईंचे मात्र तसेच परातीवर राहिले, घट्ट मिटलेले, कोणाची तरी मनगटं धरून ठेवल्यासारखे.