पहिल्या धड्यातलं लगीन

"धवळा? हितं?" बाईजानं क्लासातल्या चार कंप्युटरांवरनं नजर फिरवली. "येड लागलंय का गो तुला?"

"सगळा नको, आये. नुसती एक चाल दे," संजीवनी म्हणाली.

मुरबाडच्या स्टँडामागं संजीवनीचा हा क्लास. लेकीनं निरोप धाडला म्हणून बाईजा धसईच्या वरच्या डोंगरवाडीतनं उतरून आली होती. येऊन ऐकते तर हे.

झालं होतं असं. संगीताची लिपी लिहायचा एक प्रोग्राम सीडीवरनं संजीवनीच्या हाती लागला होता. फुकटचा. देशोदेशीची माणसं हौसेनं तो घडवत होती आणि ज्याला वाटेल त्यानं त्यात भर घालावी, असा उघडा कारभार. नवशिक्यांसाठीचा त्याचा पहिला धडा संजीवनीनं मराठीत लिहायला घेतला. अक्षरं टाइप करायची, पडद्यावर सुरांच्या खुणा उमटतात, बटण दाबलं की वाजतात. सोपं काम. पण धड्यातलं गाणं होतं परदेशातल्या पोरांचं. क्लासातल्या पोरींनी ते इमानानं टाइप केलं, वाजवलं, आणि सगळ्या मुकाट्यानं संजीवनीच्या तोंडाकडं बघत बसल्या. बरोबर वाजलं की चुकलं, कळणार कसं? ज्या भाजीची चवच ठाऊक नाही, तिच्यात मीठ कमी की जास्त, कोण सांगणार?

"म्हणून आपल्याकडचं गाणं पायजे. पोरींच्या कानातलं."

बाईजा धवळारीण होती. मांडवात उभं राहून धवळे गायचे, देव बोलवायचे, नवरानवरीची नावं घेऊन लगीन लावायचं, हे तिचं काम. त्या पट्ट्यातलं लग्न तिच्या गळ्याशिवाय लागत नसे. एक सोडून. संजीवनीनं किन्हवलीच्या आदेशशी, परजातीच्या पोराशी, कल्याणला कोर्टात सही करून लग्न केलं, त्या दिवशी बाईजा कोयता घेऊन शेतावर निघून गेली होती. तेव्हापासून माय-लेकींचं बोलणं कामापुरतं. जावयाचं नाव तर बाईजाच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर चाल काय, वाडीतल्या कुठल्याही बाईनं दिली असती. संजीवनीला आईचाच गळा हवा होता, आणि तेवढंच तिला तोंडानं म्हणता येत नव्हतं.

"मांडव नाय, हळद नाय," बाईजा म्हणाली. "धवळा असा मोकळा म्हणत नसतात. नाव लागतं त्याला."

"मग शब्द नको. नुसतं गुणगुण."

तोंडातल्या तोंडात, शब्द गिळून, बाईजानं चाल धरली. संजीवनी एकेक सूर टाइप करत गेली. शेवटाला तिनं बटण दाबलं आणि स्पीकरमधनं धवळा वाजायला लागला, जत्रेतल्या पिपाणीसारखा.

"चुकलं, मॅडम!" मागच्या बाकावरनं दोघी-तिघी एकदम ओरडल्या.

"तितं वर नेलंस तू," बाईजा म्हणाली. "तितं खाली उतरतंय."

संजीवनीला हसू आवरेना. ज्या पोरींना इतके दिवस चूक म्हणून सापडली नव्हती, त्या आता मास्तरणीची चूक काढत होत्या. धडा जमला होता. तिनं सूर दुरुस्त केला. सुरांखाली शब्दांची ओळ राहिली होती, तीही आईला विचारत विचारत भरली.

"वाच बगू, काय काय लिवलंस."

संजीवनीनं वाचलं. नवऱ्याच्या जागी तिनं 'अमका' लिहिलं होतं, नवरीच्या जागी 'अमकी'.

"ही कोण माणसं?"

"कोणी नाय गं. शिकणाऱ्यानं तिथं आपापली नावं घालायची. पुस्तकात असंच करतात."

"पुस्तकात करत असतील. अमक्या-अमकीचं लगीन मी आजवर लावलं नाय. खरं नाव घाल."

"कोणाचं घालू?" संजीवनी बोलून गेली.

"माजं घाला, मॅडम," मागच्या बाकावरची भागी म्हणाली. शेजारणीनं तिला चिमटा काढला.

बाईजा उठली. चालली वाटतं, संजीवनीच्या मनात आलं, आणि तिनं मान खाली घातली. पण बाईजानं पदर डोक्यावरनं घेतला, खुर्चीच्या मागं सरळ उभी राहिली आणि गायला लागली. आता शब्दांसकट, मोकळ्या गळ्यानं. तिनं देव बोलावले, डोंगर बोलावला, सोयरेधायरे बोलावले. नावाची जागा आली तेव्हा आवाज कापला, पण थांबला नाही. किन्हवलीचा आदेश नवरा, माझी संजीवनी नवरी, असं तिनं चांगलं खणखणीत म्हटलं.

संजीवनीची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. पडद्यावरचं काही तिला दिसेना.

"लिव गो," बाईजा म्हणाली.

संजीवनीनं डोळे पुसले, 'अमका-अमकी' खोडलं आणि दोन्ही नावं लिहिली.

"आता हा कुटं असतो?" बाईजानं विचारलं.

"कोण?"

"नवरा, दुसरा कोण? लगीन लागलं नि नवरा मांडवात नाय, असं चालतं का? बोलाव त्याला."

"कल्याणला कामावर हाय, आये. फोन करते. पण यायला टाइम लागंल."

"लागू दे," बाईजा म्हणाली. "मला काय कमी लागला?"