बशीतला खडा

न्हाणीघराच्या दाराआडून नवऱ्याने प्लास्टिकचं भांडं बाहेर सरकवलं. "घे लवकर. मला नाही बघवत."

शिलाई मशीन थांबवून ती उठली. मूतखडा आपोआप पडावा म्हणून डॉक्टरांनी मूत्रनळी सैल करणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या. भरपूर पाणी प्या म्हणाले होते, आणि दर वेळची लघवी गाळून बघा. खडा सापडला तर तपासायला आणा, नाही पडला तर ऑपरेशन. गोळ्या तो घेत होता. पाणी तिने मागे लागून लागून पाजलं की पीत होता. गाळायचं मात्र तिच्या गळ्यात पडलं होतं.

लालसर, उग्र दर्पाचं ते पाणी ती जाळीवर ओतायची. नाकाला ओढणी बांधून ती जाळीकडे बघत राहायची. साबणाने हात खसाखसा धुऊनही, गिऱ्हाइकांच्या कापडाला तो वास लागतोय की काय, असं तिला वाटायचं.

"नीट बघतेस ना?" तो पलंगावरून ओरडायचा. "की ओतून मोकळी होतेस?"

आज दुपारी मात्र कळ अशी उठली, की तो भिंतीला धरून लहान मुलासारखा रडला. त्यानंतरच्या भांड्यातून जाळीवर काहीतरी टपकन पडलं. मिरीच्या अर्ध्या दाण्याएवढं, तपकिरी, काटेरी. तिने ते चिमटीत धरलं, धुतलं, डबीत ठेवलं. सुटला बिचारा, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी थोरले दीर आणि जाऊ भेटायला आले. तो उशीला टेकून ऐटीत बसला होता. खडा डबीतून काढून त्याने चहाच्या बशीत ठेवला होता.

"डॉक्टर ऑपरेशनच्या गोष्टी करत होते. मी म्हटलं, काढूनच दाखवतो. रोज स्वतः गाळून बघायचो. घाण वाटून कसं चालेल?"

"आणि ही?" जावेने विचारलं.

"हिचं काय घेऊन बसलात, वहिनी! ही नाकाला ओढणी बांधून लांब उभी!"

दीर खो खो हसले. बशी या हातातून त्या हातात गेली. "आता तरी हात लाव गं," म्हणत नवऱ्याने ती तिच्या तोंडासमोर धरली.

ती स्वयंपाकघरात धावली आणि मोरीत भडाभडा ओकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

जाऊ मागोमाग आली. पाठीवर हात फिरवत म्हणाली, "अगं, एवढासा तो खडा. त्याची इतकी किळस?"

"खड्याची नाही, ताई."

बाहेर तो दात आवळून कळ कशी सोसली ते सांगत होता, आणि दीर शाबासकी देत होते. जाऊ क्षणभर ऐकत राहिली. मग तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.