धनुष्याला नवी पाठ

लाकूड दाबून धरणारा शेवटचा शिकंजा आवळला तेव्हा तिच्या बोटांना सरस चिकटला होता आणि हसू चेहऱ्यावर मावत नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबांचं लाकडी धनुष्य आडवं पडलं होतं. पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूची नवी कामटी. मोडक्या खुर्च्या उभ्या करणं हा तिचा रोजचा धंदा, पण एवढी धडधड तिला कुठल्याच खुर्चीनं लावली नव्हती.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत बाबांचा बाण लांबच्या लक्ष्याच्या हातभर अलीकडे पडला. तिरंदाजी मंडळातले म्हणाले, "काका, आता जवळच्या रांगेतून मारत जा."

बाबांचा पारा चढला. "दंड तोच आहे माझा! लाकूड म्हातारं झालंय. यंदाही लांबूनच मारणार. नाही पोचला, तर धनुष्याला पुन्हा हात लावणार नाही!"

बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लेकीनं ठरवलं, लाकूड म्हातारं झालं असेल तर त्याला तरुण करू.

संधीही चालून आली. स्पर्धेआधी आठवडाभर बाबा धनुष्याला विसावा देत, गवसणीतून बाहेरसुद्धा काढत नसत. एरवी त्याचं तेलपाणी आईकडे, आणि ती कुणाला जवळ फिरकू देत नसे. पण आई मावशीकडे गेली होती. गवसणीत पडद्याची काठी सारून लेकीनं धनुष्य आपल्या घरी पळवलं.

लाकूड तिच्या आठवणीपेक्षा बरंच पातळ निघालं. इतक्या वर्षांच्या घासण्यापुसण्यानं झिजणारच, ती मनाशी म्हणाली.

सरस वाळला. दोरी चढवताना तिला घाम फुटला. ओढून पाहिली, तर अर्ध्यावरच हात थरथरायला लागले.

"अरे वा रे पठ्ठ्या!" ती धनुष्यालाच म्हणाली आणि एकटीच टाळ्या पिटत घरभर फिरली. मग दोरी उतरवून तिनं ते गुपचूप बाबांच्या गवसणीत परत ठेवलं.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर बाबांनी गवसणी सोडली आणि कामटीवरून बोट फिरवलं.

"लबाड! हे उद्योग तुझे?"

"दोरी मी चढवते. तुम्ही फक्त ओढा, बाबा!"

बाबांचे डोळे चमकले. ते ऐटीत लांबच्या रेघेवर जाऊन उभे राहिले.

दोरी छातीपर्यंत आली आणि थांबली. बाबांनी पाय रोवून पुन्हा ओढली. चेहरा लालबुंद झाला. तिसऱ्यांदा तर ती तेवढीही आली नाही. बाबा आपल्याच हाताकडे बघत राहिले.

आई थेट बसमधून उतरून आली होती, पिशवी अजून खांद्यावरच. तिची नजर कामटीवर गेली आणि तिनं लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"काय करून बसलीस गं?" ती कुजबुजली. "हातातलं बळ उतरलंय हे त्यांना कळू नये, म्हणून दरवर्षी मीच ते लाकूड थोडं थोडं तासत आले होते."