दीनाचा होकार

टीव्हीवर सहाव्यांदा तीच पाटी आली: उपकरण सापडले नाही. प्रभुदास सरांनी रिमोट सोफ्यावर आपटला. त्याचं झाकण निघालं आणि एक सेल घरंगळत दिवाणाखाली गेला. तो काढायला वाकले तर कमरेत कळ आली, आणि राग आणखी चढला. फोन मुलाने, अँड्र्यूने, वापरून दिलेला, टीव्ही सरांनी स्वतः पारखून घेतलेला. दोन्ही दोन वेगळ्या कंपन्यांचे, आणि त्यांचं एकमेकांशी काही केल्या जमत नव्हतं.

दीना खुर्चीत बसून नवऱ्याची धडपड बघत होती. सात वर्षांपूर्वी एका आजारपणात तिचे कान पार गेले. तेव्हापासून ती ओठांवरून बोलणं ओळखायची. दूधवाल्याचं, शेजारणीचं, रविवारी चर्चमध्ये पाळकांचंसुद्धा. पण तोंड नीट दिसायला हवं. व्हिडिओ कॉलवर फोनच्या काचेत अँड्र्यूचं तोंड बोराएवढं दिसायचं, आणि तिची नजरही आता पूर्वीची राहिली नव्हती.

भांडणाला सुरुवात गुरुवारी झाली. अँड्र्यूने पुण्याहून सरांना फोन केला. तुमचं सावेडीतलं राहतं घर विकायचं आणि तुम्ही दोघांनी पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहायचं, सगळं बोलून झालंय, मंगळवारी गिऱ्हाईक घर बघायला येईल, असं त्याने सांगितलं. सर भडकले. तो मात्र शांत होता. मम्मीला मी व्हिडिओ कॉलवर तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ती हो म्हणाली, एवढंच तो म्हणाला. घर दीनाच्या नावावर होतं. सरांनी फोन ठेवला.

त्यांनी दोन दिवस बायकोशी अबोला धरला. चहा ठेवला की कप उचलायचे आणि अंगणात जाऊन बसायचे. शनिवारी जेवताना मात्र त्यांना राहवलं नाही. मला न विचारता हो म्हणालीसच कशी, असं त्यांनी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं. कशाला हो, तेच दीनाला आधी कळेना. कळलं तेव्हा तिने ताट बाजूला सारलं.

मग म्हणाली, "तो काय बोलतो ते मला दिसत नाही. मान हलवली नाही तर तो फोन ठेवून देतो."

सरांनी घास ताटात ठेवला. राग गेला नाही, नुसता बायकोवरून उठून त्या एवढ्याशा काचेवर जाऊन बसला. पोराचा तरी काय दोष, आई मान हलवतेय म्हणजे ती राजी आहे असंच त्याला वाटणार. दर रविवारी चारला, सर बाहेर गेलेले असताना, त्याचा दीनाला व्हिडिओ कॉल यायचा; उद्याही येणार होता. त्याच्या आत त्याचं तोंड टीव्हीवर आणायचंच, असं त्यांनी ठरवलं.

आणि आता रविवारचे सव्वातीन झाले होते. सरांनी फोन खिशात घातला, स्कूटर काढली आणि प्रोफेसर कॉलनी चौकातलं मोबाईलचं दुकान गाठलं. रविवार म्हणून शटर अर्धं खाली होतं. सर वाकून आत शिरले. दुकानदार म्हणाला, हा फोन या टीव्हीला असा बिनवायरीचा जोडला जाणार नाही, मधे अ‍ॅडॉप्टर लागेल. घेताना हे कुणी का सांगत नाही म्हणून सर त्याच्यावरच डाफरले. टीव्ही त्याने विकला नव्हता, फोनही नाही. तरी त्याने निमूट ऐकून घेतलं आणि एक छोटा पांढरा अ‍ॅडॉप्टर आणि केबल काढून दिली.

चारला पाच मिनिटं कमी असताना टीव्हीवर फोनचा पडदा उमटला. बरोबर चारला अँड्र्यू आला. सरांनी फोन आडवा करून टीव्हीखालच्या टेबलावर टेकवला, तसं त्याचं तोंड अख्ख्या टीव्हीभर झालं. हनुवटीवरची जुनी खूणसुद्धा दिसत होती. दीना खुर्ची पुढे ओढून बसली. सर बाजूला उभे राहिले. टीव्हीचं त्याला काही सांगितलं नाही.

त्याने तब्येत विचारली. पुण्यातल्या गर्मीचं सांगितलं. मग हसत हसतच म्हणाला, मंगळवारी माणसं येतील, घर दाखव, पुढच्या आठवड्यात मी कागद घेऊन येतो, सही करशील ना.

"नाही," दीना म्हणाली. "घर विकायचं नाही."

अँड्र्यूचं हसू तसंच राहिलं. मग एकदम आवाज बंद झाला. तोंड हलत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. केबल सैल झाली असणार, असं सरांना वाटलं. सर चरफडत पुढे झाले. दीनाने हात आडवा धरून त्यांना थांबवलं. तिची नजर टीव्हीवरून हलली नव्हती. अँड्र्यू तोंड समोरच ठेवून बाजूच्या कुणाशी तरी बोलत होता. त्याच्या बायकोच्या, रूथच्या, खांद्याचा तुकडा कडेला दिसत होता.

मग आवाज परत आला. "सॉरी मम्मी, नेटवर्क गेलं होतं."

"नेटवर्क गेलं नव्हतं," दीना म्हणाली. इतक्या वर्षांत सरांनी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "तू आवाज बंद करून रूथशी बोललास. म्हणालास, 'एरवी हिला काही कळत नाही, नुसती मान हलवते म्हणून तर हिला विचारायचो. आज कसं कळलं?'"

टीव्हीवरचं तोंड हलायचं थांबलं.

"आज तू मला नीट दिसलास, अँड्र्यू."