उचकीवाल्या मावशी

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा!

डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासणारी फिजिशियन असिस्टंट मृण्मयी ओपीडीत उभं राहून राहून पार चिपाड झाली होती. एवढा पेशंट झाला, की नोकरीला रामराम, असं ठरलेलंच. समोर उचकी लागलेल्या गोदामावशी. उचकी अशी, की छताचा पंखा उलटा फिरायचा!

मृण्मयीनं छाती तपासली, डॉक्टरांना विचारून औषध दिलं, पाठ चोळली. उचकी थांबली.

“आता खऱ्या डॉक्टरला बोलव गं!” मावशी म्हणाल्या.

डॉक्टर डोकावले, “छान,” म्हणाले. मावशी त्यांच्याच पाया पडल्या.

मृण्मयी एप्रन काढू लागली, तोच मावशी दारातून वळल्या. “पोरी, पुढच्या खेपेलापण तूच हवीस हं!”

पंखा खरंच उलटा फिरला. मावशी मात्र वळल्याच नाहीत. तेवढं मी पदरचं घातलं. तरी दुसऱ्या दिवशी पोरगी कामावर आली, ती कुणी न बोलावताच.